शिसं आणि श्रीखंड

जिंकणाऱ्याच्या गाडीत आम्ही शिसं भरतो, ही गोष्ट माझ्या आईला अजूनही पटलेली नाही.

"म्हणजे पोरगं पहिलं आलं, म्हणून त्याच्या दप्तरात दगड घालायचे?" तिने विचारलं होतं.

मी म्हटलं, साधारण तसंच. टूरिंग कारच्या शर्यतीत गाड्या दिसायला रस्त्यावरच्या गाड्यांसारख्याच असतात, आणि एकच गाडी सारखी जिंकत राहिली तर बघणारे कंटाळतात. म्हणून जो पुढे असेल त्याच्या गाडीत पुढच्या शर्यतीला जास्तीचं वजन टाकायचं, असा नियम आहे. शिशाच्या जाड पाट्या असतात. शेजारची सीट काढलेली असते, त्या जागी तळाला त्या बोल्टने आवळून बसवायच्या.

"कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

"इंग्रजांच्या असावं."

"तरीच," आई म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

आम्ही कोल्हापूरचे. वडिलांचं लेथ मशीनचं वर्कशॉप होतं, त्यामुळे ग्रीसचा आणि लोखंडाच्या चुऱ्याचा वास मला उदबत्तीइतकाच घरचा. रबराचा अभ्यास करायला मी सिंगापूरला आले. क्लेमेंटीत एका खोलीत आम्ही तिघी राहत होतो. शिक्षण संपल्यावर बाकीच्या दोघी बँकेत लागल्या आणि मी टायर बघायला म्हणून एका छोट्या रेसिंग टीममध्ये शिरले, ती तिथलीच झाले. टायर, गाडीचं वजन, आकडेमोड, सगळं आता माझ्याकडे. सेम्बावांगला फ्लॅट आहे, वर्कशॉप तिथून बसने जवळ पडतं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटणारे बँकवाले अजून विचारतात, "म्हणजे गॅरेजच ना?" मी म्हणते, "हो. आणि तुमची बँक म्हणजे पतपेढीच ना?" मग ते मोदकांकडे वळतात.

आमचा ड्रायव्हर ब्रिटिश. पन्नाशीला टेकलेला, हडकुळा, बोलायला गोड आणि गाडीत बसला की महाभांडखोर. त्याच्या देशात टूरिंग कारचं वेड फार. गाड्या एकमेकींना दारं घासत, आरसे उडवत पळतात आणि लोक पावसात उभे राहून बघतात. तिथे त्याने ऐन उमेदीची सगळी वर्षं काढली. आठवडाभर एका शोरूममध्ये गाड्या विकायच्या आणि शनिवार-रविवार शर्यतीत पळवायच्या. शर्यती पुष्कळ जिंकला, पण वर्षाचं विजेतेपद काही मिळालं नाही. दर वेळी दुसरा. लग्नातही आपण दुसऱ्या कुणा नवरदेवाच्या शेजारीच उभे राहिलो, असं तो स्वतःच हसून सांगायचा.

विजेतेपद खरं तर एकदा मिळालं होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. रविवारी सकाळी तो ईस्ट कोस्टला समुद्राकाठी सायकल चालवायचा, मी चालायला जायचे. नंतर तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, आम्ही एका टेबलावर बसायचो. मी परोठा आणि कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, घ्यायचे. तो माशाचं पाणीदार सूप घ्यायचा, भाताशिवाय आणि नूडल्सशिवाय, आणि तेही अर्धं ठेवायचा. एकदा मी नको तेवढं विचारलं आणि त्याने सांगून टाकलं.

"मी दीड तास चॅम्पियन होतो," तो म्हणाला.

हंगामातली शेवटची शर्यत होती, भर पावसात. तो जिंकला. कप हातात आला, फोटो निघाले. त्याचे वडील, आयुष्यभर बस चालवलेला माणूस, गर्दीत उभे राहून रडत होते. ते घाईने घरी गेले आणि गल्लीतल्या प्रत्येक दाराची कडी वाजवून सांगत सुटले, माझा मुलगा चॅम्पियन झाला. इकडे शर्यतीनंतर गाड्या काट्यावर घेतात तशी त्याची गाडी घेतली. गाडी आणि ड्रायव्हर मिळून जेवढं वजन भरायला हवं, त्यापेक्षा ते साखरेच्या एका पुड्याएवढं कमी भरलं. टीमने वेग मिळावा म्हणून वजन अगदी काठावर ठेवलं होतं. मग वाद, अपील, कागद झाले, आणि कप दिल्यापासून दीड तासाने दोन अधिकारी तो परत न्यायला आले. त्याने कपावरचे बोटांचे डाग रुमालाने पुसले आणि दिला.

"आणि वडील?"

"ते पुन्हा तेवढीच दारं वाजवत गेले. उलटं सांगायला."

हातातोंडाशी आलेला घास जाणं म्हणजे काय, ते मला त्या टेबलावर समजलं. मी माझा उरलेला परोठा त्याच्याकडे सरकवला. त्याने तो परत सरकवला. पुढच्या हंगामाआधीच वडील गेले, असंही त्याने सांगितलं. हळूहळू तिकडच्या टीम तरुण पोरं घ्यायला लागल्या आणि हा मिळेल त्या देशात मिळेल ती गाडी चालवत आशियात उतरला. तेव्हापासून शर्यत झाली की काटा होईपर्यंत तो हसत नाही, कुणाशी हात मिळवत नाही. शर्यतीच्या दिवशी खाणं म्हणजे एक केळं. पोट भरलं की पाय जड होतात, असं त्याचं म्हणणं.

आणि त्या वर्षी आमची गाडी लागली पळायला. आमचं बजेट चहापुरतं, पण टायर कधी तापवायचे आणि कधी सांभाळायचे हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, आणि आकडे कसे वाचायचे हे माझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं. नम्रपणा बँकवाल्यांनी दाखवावा, मला परवडत नाही. आम्ही जिंकत गेलो तशा गाडीत शिशाच्या पाट्या वाढत गेल्या. हंगामाची शेवटची शर्यत सिंगापूरच्या शहरातल्या रस्त्यांवर, मोठ्या शर्यतीच्या आधी व्हायची होती. तोवर आमच्या गाडीत नियमाने भरता येईल तेवढं सगळं शिसं भरलेलं होतं. आमच्या मागे एकच जण होता, एक विशीतला पोरगा, हलक्या गाडीत. त्याच्या पुढे राहून शर्यत संपवली की विजेतेपद आमचं. पण टीमच्या मालकाने पुढच्या वर्षासाठी दुसरा ड्रायव्हर ठरवून टाकला होता, स्वतःचे पैसे घेऊन येणारा. म्हणजे आमच्या माणसाला ही एकच संधी उरली होती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

वजनावरून माझं आणि मालकाचं कडाक्याचं भांडण झालं. मालकाला काटा काठावर हवा होता. मी म्हटलं, नियमापेक्षा दोन किलो जास्त ठेवणार, नाहीतर दुसरी इंजिनिअर बघा. शेवटच्या आठवड्यात दुसरी कुठून बघणार? मी जिंकले.

त्याच सुमारास आई व्हिजिट पासवर आली होती. ड्रायव्हर संध्याकाळी माझ्याकडे आकडे बघायला यायचा. पहिल्या दिवशी आईने दार उघडलं, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मराठीत म्हणाली, "ह्या माणसाला कोण जेवाय घालतं की नाही?"

कोल्हापूरकडचा आग्रह ज्याने सोसला नाही त्याला सांगून कळायचं नाही. "नको" म्हटलं की अर्धी पोळी, "खरंच नको" म्हटलं की आख्खी. ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात. मी त्याला सावध करायला म्हणून "पुरे" हा शब्द शिकवला. तो बिचारा तळहात पुढे करून मोठ्या विश्वासाने म्हणायचा, "पुरे." आईला त्याचा उच्चार इतका आवडायचा की त्या कौतुकात ती आणखी एक डाव वाढायची. मी तिला "आई" म्हणते म्हणून तोही "आई" म्हणायला लागला. ती त्याच्याशी मराठीत बोलायची, तो तिच्याशी इंग्रजीत, आणि दोघांचं माझ्यापेक्षा बरं जमायचं. पण तिथेही तो चार घास खाऊन ताट सारायचाच. ते आईच्या जिवाला लागलं होतं.

शर्यत नेमकी दसऱ्याला आली.

दसऱ्याला आमच्याकडे लेथ मशीन धुऊनपुसून त्याला हार घालायचे. सायकलपासून टेम्पोपर्यंत सगळ्यांना झेंडू. आईला टीमच्या पाहुण्यांचा पास मिळवून दिला होता, पण मी तिला आदल्या दिवशीच बजावलं. गाडीला हार नाही, कुंकू नाही, चाकाखाली लिंबू नाही. गाडीला हातसुद्धा लावायचा नाही.

"दसऱ्याच्या दिवशी गाडीला फूल नाही?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. ती इतक्या लवकर "बरं" म्हणते तेव्हा खरं तर घाबरायला पाहिजे होतं.

दुपारी मी शेवटचं वजन करून घेतलं. ड्रायव्हर हेल्मेटसकट गाडीत, उरेल तेवढं पेट्रोल धरून, वर माझे दोन किलो. अगदी चोख. मग मी टायरवाल्यांकडे गेले आणि परत आले तर आमच्या तंबूत माझ्या आईने संसार थाटला होता. चार पुडाचा डबा उघडलेला. श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, वर ताकाची बाटली. आणि समोर घडीच्या खुर्चीवर आमचा ड्रायव्हर, कपाळाला कुंकवाचा टिळा, ओवाळून झालेला, कानामागे झेंडूचं फूल. जेवत होता.

"आई! हे काय चाललंय?"

"गाडीला हात लावू नको म्हणालीस. गाडी चालवणाऱ्याला लावू नको असं कुठं म्हणालीस?"

"अगं, तो शर्यतीच्या दिवशी खात नाही!"

"आता खातोय की."

मी त्याच्याकडे वळले. तो अपराधी चेहऱ्याने पुरी चावत म्हणाला, "मी 'पुरे' म्हणालो होतो. बऱ्याचदा."

आमचे मुख्य मेकॅनिक, सिंगापूरचेच चिनी अंकल, कोपऱ्यात मसालेभात खात बसलेले. म्हणाले, "रिलॅक्स लाह, व्हेरी नाइस." गेटवर बाहेरचं खाणं आत सोडत नाहीत, तर हा एवढा डबा आला कसा, असं मी विचारलं. आई म्हणाली, "ती पोरगी म्हणत होती, 'आंटी, कॅनॉट.' मी म्हटलं, सणाचं आहे, तू पण घे. तिने दोन पुऱ्या घेतल्या."

मी डोक्याला हात लावला. बाहेर अंगाची लाही होत होती, गाडीत त्याहून कितीतरी जास्त. असल्या उकाड्यात, भिंतींना खेटून, पोटात श्रीखंड घेऊन माणूस पळणार कसा? झोपेल, नाहीतर ओकेल. वर्षभराची मेहनत, त्याचं आख्खं आयुष्य, आणि माझ्या आईचा डबा! मी सगळ्यांसमोर आईवर ओरडले. किती पुऱ्या खाल्ल्या त्याने, आकडा सांग, असं विचारलं. ती शांतपणे डबा लावत म्हणाली, "जेवणाऱ्याच्या पुऱ्या मोजायच्या नसतात." ताकाची बाटली मात्र मला दिसत होती. ती रिकामी होती. खाल्लेलं जिरायलाही वेळ उरला नव्हता. गाड्या बाहेर बोलावल्या होत्या.

शर्यत सुरू झाली आणि मी कानाला हेडफोन लावून देवाचं नाव घेत बसले. पहिल्या काही फेऱ्या त्याचा आवाजच नाही. मग रेडिओवर म्हणाला, "आईला सांग, श्रीखंड अजून जागेवर आहे." टीमचे सगळे हसले, मी नाही.

पण तो चालवत होता कसा! इतकी वर्षं त्याची गाडी मी आकड्यांत पाहिली, त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली. सगळ्यात जड गाडी होती आमची, सरळ रस्त्यावर बाकीचे ओलांडून जायला बघायचे, आणि हा वळणावर असा काही आत घुसायचा की भिंत आणि गाडी यांच्यामध्ये वर्तमानपत्र मावलं नसतं. चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा. पहिला फार लांब होता आणि त्याची आम्हाला गरजही नव्हती. तो विशीतला पोरगा मागे चिकटून होता, त्याला मागे ठेवायचं एवढंच काम. शेवटच्या फेरीत त्या पोराचा धीर सुटला आणि त्याने आमच्या डाव्या कुशीत गाडी घातली. आवाज इथपर्यंत आला. पडद्यावर दिसलं, आमचा आरसा उडाला, पुढच्या बंपरचा कोपरा तुटून भिंतीखाली गेला. गाडी आडवी झाली, सरळ झाली आणि त्याच्या पुढेच राहिली.

दुसरा! जन्मभर दुसरा आलेला माणूस दुसरा येऊनच विजेता झाला. अंकल मेकॅनिकने मला उचललं. मालक रडत होता. आई कुणातरी अनोळखी बाईला मिठी मारून उभी होती.

आणि माझी नजर पडद्यावरच्या तुटक्या बंपरवर गेली. आमच्या मालिकेत तुटून पडलेला भाग वजनात धरत नाहीत. काट्यावर जे येईल तेवढंच. मी मनात हिशेब मांडला. आरसा, बंपरचा तुकडा, त्यात ह्या हवेत माणसाच्या अंगातून निघालेला घाम. कसंही मांडलं तरी माझे दोन किलो पुरत नव्हते. मी पुन्हा मांडला. पुन्हा तेच.

गाडी काट्याकडे ढकलत नेली. तो आत हेल्मेट घालूनच बसलेला, हात मांडीवर. काटा होईपर्यंत ड्रायव्हरला पाण्याचा घोटही देता येत नाही. त्याने गाडीच्या तुटक्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला काही सांगावं लागलं नाही. इतक्या वर्षांनी पुन्हा तोच काटा आला होता. मला वाटलं, वडील आता नाहीत, निदान पुन्हा उलटं सांगत दारं वाजवणं तरी त्यांच्या नशिबी नाही.

अधिकाऱ्याने आकडा वाचला. मला ऐकूच आला नाही. मी पुढे होऊन पडद्यावर बघितलं. नियमापेक्षा जास्त होता. थोडासाच, दोन वाट्या श्रीखंड भरेल एवढा, पण जास्त.

मी तो पुन्हा वाचला. माझा हिशेब चुकलेला नव्हता. माझ्या हिशेबात फक्त एक गोष्ट धरलेली नव्हती, ती म्हणजे दुपारचं जेवण. भात, भाजी, न मोजलेल्या पुऱ्या आणि बाटलीभर ताक. मालकाला जे वजन नको होतं आणि मला जे पुरत नव्हतं, ते माझ्या आईने डावाने वाढून ठेवलं होतं, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. ती लांबून खुणेने विचारत होती, काय झालं? मी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडले. "अगं, घाम आलाय मला, लांब हो," ती म्हणाली.

कप मिळाला, फोटो झाले. तो हसला नाही. तंबूत येऊन टायरच्या चळतीवर बसला, कप शेजारी ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागला. निकाल कायम झाल्याचा कागद आला, तो मी त्याला दाखवला. त्याने मान हलवली आणि तसाच बसून राहिला. मग माझ्या लक्षात आलं. तो दीड तास होण्याची वाट बघत होता.

मी आईला सगळी हकीकत तिथेच सांगितली. पावसातली शर्यत, साखरेचा पुडा, वडिलांनी वाजवलेली दारं. आईने ऐकून घेतलं. तिने एक खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. गळ्यातल्या पासाने त्याला वारा घालत राहिली. बाहेर मोठ्या शर्यतीची गर्दी जमत होती, ऊन उतरत होतं. दर वेळी कुणी तंबूत शिरलं की तो दाराकडे बघायचा. पाणीवाला आला, फोटोवाला आला, अंकल येऊन पाना घेऊन गेले. कप मागायला कुणी आलं नाही.

दीड तास झाला. तो घड्याळाकडे आणखी थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने कप उचलून मांडीवर घेतला आणि त्याचे खांदे हलायला लागले. कपाळावरचं कुंकू घामाने आधीच नाकापर्यंत उतरलं होतं, ते आता गालभर झालं. मीही रडले, लाजले नाही. आईने पदराने त्याचं तोंड पुसलं, माझं पुसायचं लहानपणी तसंच खसखसून, आणि डबा पुढे ओढला. तळाशी थोडं श्रीखंड आणि मऊ पडलेल्या पुऱ्या होत्या. तिने झाकणातच वाढलं.

त्याने ते झाकण पुसून खाल्लं. आईने सवयीने डाव उचलला आणि त्याचा हात आडवा येण्याची वाट बघितली. हात आला, पण आडवा नाही. त्याने झाकण पुढे केलं.

"आई," तो म्हणाला, "आणखी." हा शब्द मी त्याला शिकवलेला नव्हता.